टोकियोचा बंडू आणि पार्सिपनीचे आम्ही

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरात मार्जरीनचे रिकामे डबे जमतात ना, तसे ते जमतात. टाकवत नाहीत म्हणून आपण धुऊन एकात एक घालून ठेवतो, आणि एके दिवशी कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर येतात. परवा मिलिंदचा फोन आला. "काकू, बंडू आठवतो का?" एवढंच म्हणाला आणि माझं कपाट उघडलं!

बंडू हा कोणाचा नातेवाईक नव्हे. तो जपानी होता. टोकियोत सातव्या मजल्यावर राहायचा. सांगते.

ही हकिगत ऐंशीच्या दशकातली, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची. आमची दोन घरं आणि एक तळघर. एका घरात मी आणि माझा नवरा अरविंद. आमच्या तळघरात भाड्याने राहणारा मिलिंद, नागपूरहून एम.एस. करायला आलेला. आणि चार घरं सोडून सुधाकर दामले, त्याची बायको वैजू, त्यांची पंधरा वर्षांची सोनाली आणि सुधाकरच्या आई. त्यांना आम्ही सगळेच आई म्हणायचो.

त्या वर्षी सुधाकरची पंप बनवणारी कंपनी एका जपानी कंपनीने विकत घेतली. तेव्हा अमेरिकेत जपानची भलतीच धास्ती होती. दारातली गाडी जपानी, हॉलमधला टीव्ही जपानी, आता बॉसही जपानी येणार म्हणून सुधाकरच्या ऑफिसातले लोक हवालदिल झाले होते. जो तो जपानी मॅनेजमेंटवरची पुस्तकं वाचत सुटला.

सुधाकर म्हणाला, "ती पुस्तकं अमेरिकन लोकांनीच लिहिलेली असतात. जपानी माणूस समजून घ्यायचा तर त्यांच्या कादंबऱ्या वाचायला हव्यात. आजच्या, शहरातल्या!"

मिलिंदने विचारलं, "काका, आधीचा अमेरिकन बॉस समजून घ्यायला काय वाचलं होतं तुम्ही?"

"त्याची गरजच पडली नाही. तो ओरडून सांगायचा!"

झालं, आमचं वाचन मंडळ सुरू झालं. एक रविवार सोडून एक रविवार, दुपारी, दामल्यांच्या हॉलमध्ये. लायब्ररीतल्या मिसेस केली आजूबाजूच्या गावांतून इंग्रजी भाषांतरांच्या प्रती मागवून द्यायच्या. आम्ही सगळे पुस्तक वाचून यायचो. अरविंद मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून यायचा आणि सगळ्यांत जास्त बोलायचा.

*

पहिल्याच कादंबरीला नावांनी घोळ घातला. मुलगा कोण, मामा कोण, ऑफिसातला साहेब कोण, काही पत्ता लागेना. अर्धा तास आम्ही चुकीच्या माणसाला नावं ठेवली. शेवटी वैजूने पेन्सिल घेतली आणि हुकूम काढला, "आजपासून ह्या मुलाचं नाव बंडू. त्याची आई माई. बायको सुमन. साहेब ते साहेब!"

त्यानंतर चर्चा कशी झरझर चालायला लागली. बंडूने एवढी दारू प्यायला नको होती, सुमन फार सोसते, माईंनी मध्ये पडायला नको होतं. पुढे पुस्तकं बदलली, लेखक बदलले, पण प्रत्येक कादंबरीत बंडू, सुमन आणि माई होतेच. शहरात बंडू, गावात माई, आणि मध्ये लोंबकळणारी सुमन! नवीन पुस्तक उघडलं की मिलिंद पहिल्यांदा विचारायचा, "ह्याच्यात बंडू कोण आहे?"

पुस्तक परत करायला वैजू लायब्ररीत गेली तेव्हा मिसेस केलींनी कौतुकाने विचारलं, कशी वाटली कादंबरी?

वैजू म्हणाली, "व्हेरी गुड. बट बंडू वॉज व्हेरी वीक."

मिसेस केलींना वाटलं, आपण भलतंच पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा लावून पुस्तक मागूनपुढून दोनदा तपासलं.

*

आईंना इंग्रजी येत नव्हतं. पण त्या पहिल्या दिवसापासून मंडळात होत्या. शनिवारी त्या भाजी निवडायला बसल्या की सुधाकर समोर बसून त्यांना कादंबरी मराठीत सांगायचा. सांगायची पद्धत इंजिनिअरची. "इथे दोन पानं धुक्याचं वर्णन आहे, आई. ते सोडतो."

"मग राहिलं काय?"

"बंडू ऑफिसला गेला."

"एवढ्या धुक्यात?"

त्या पहिल्या कादंबरीत माई गावाकडून बंडूच्या टोकियोतल्या फ्लॅटमध्ये राहायला येतात आणि येताना घरी घातलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बरणी आणतात. मिलिंदने ह्या प्रसंगावर खूप तयारी केली होती. गळ्याला मफलर गुंडाळून तो म्हणाला, "ही बरणी म्हणजे गाव. आणि फ्लॅटच्या लिफ्टमध्ये तिचा वास पसरतो तेव्हा शहरातली माणसं नाक दाबतात. आधुनिक शहरातला हा जो एकटेपणा आहे..."

आईंनी मध्येच विचारलं, "बरणी गळली नाही?"

"अं?"

"एवढ्या लांब आणली. झाकणाला काय लावलं होतं?"

बस्स! वैजू म्हणाली, मेण लावायला हवं. मी म्हटलं, आधी प्लॅस्टिक, मग फडकं, मग सुतळी. अरविंदने त्याच्या आईचं लिंबाचं लोणचं केनेडी एअरपोर्टवर कस्टमच्या माणसाने कसं दोन बोटांनी उचललं होतं ते साभिनय करून दाखवलं. सुधाकरने आपली बॅग उघडल्यावर आतले सगळे शर्ट कसे पिवळे निघाले ते सांगितलं. मिलिंद मधून मधून बोट वर करत होता.

"काकू, तो एकटेपणा..."

वैजू म्हणाली, "एकटेपणा नंतर. आधी झाकणाचं बघू!"

*

आईंबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुधाकरचे वडील गेले त्या वर्षी ऑक्टोबरात तो आईंना सांगलीहून घेऊन आला. आल्याबरोबर त्यांच्या ग्रीन कार्डचा अर्ज केला. खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली केली, जाड कार्पेट घातलं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, हिंदी सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट आणून ठेवल्या. जो येईल तो म्हणायचा, "आई, नशीब काढलंत! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं!" आई हसायच्या. सांगलीला त्यांच्या दोन खोल्या कुलूप लावून तशाच होत्या, धाकटी बहीण शेजारच्या गल्लीत होती. आईंना इथे राहायचंय की परत जायचंय, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सुधाकरने विचारलं नव्हतं कारण उत्तर काय येईल याची त्याला भीती वाटत होती. आम्ही विचारलं नव्हतं कारण तो त्यांच्या घरातला प्रश्न. मला फार वाईट वाटायचं, पण मीही गप्पच बसले.

आणि कादंबऱ्या तर अशा, की प्रत्येकीत माई मुलाच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या!

एका पुस्तकात बंडूच्या फ्लॅटमध्ये पूर्वजांच्या देव्हाऱ्याला जागा नसते, म्हणून सुमन तो फ्रीजवर ठेवते. मिलिंद म्हणाला, "हा परंपरेचा ऱ्हास आहे. पितरं फ्रीजवर! खाली बिअर, वर बाप!"

अरविंदनेही मागच्या कव्हरवर ऱ्हास हा शब्द वाचला होता, त्यामुळे त्याने जोरात मान हलवली.

आई म्हणाल्या, "सुधाकर, आपले देव कुठे आहेत रे?"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. दामल्यांचे देव वरच्या कपाटात होते. एका बाजूला सोनालीचं सीरियल, दुसऱ्या बाजूला पेपर टॉवेल, मध्ये गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा.

वैजू जराही ओशाळली नाही. "ऱ्हास कसला? हाताशी राहतात!"

मिलिंदने वहीतलं ते वाक्य खोडलं.

*

मग आली लग्नाची कादंबरी. त्यात नायिका टोकियोतल्या मोठ्या दुकानात नोकरी करते, स्वतःच्या पैशाने कपडे घेते, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाते, आणि तिकडे मध्यस्थ बाई तिचा फोटो घेऊन मुलांच्या घरी फिरत असतात. शेवटी एका हॉटेलात दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि मुलामुलीला सोडून बाकी सगळे बोलतात.

ही एकच कादंबरी सोनालीने वाचली होती. ती जिन्यावरूनच म्हणाली, "धिस इज सो अनफेअर!"

वैजू म्हणाली, "अगं, किती छान पद्धत आहे! हॉटेलात तर हॉटेलात, खर्च मुलाकडचे करतात!"

"वेट. डिड यू गाइज डू धिस?"

सोनालीला आईबाबांच्या लग्नाचे फोटो माहीत होते, पण कांदेपोहे कोणी सांगितले नव्हते. मग वैजूनेच सांगितलं. पुण्यात मावशीच्या घरी कार्यक्रम झाला. सुधाकरने एकच प्रश्न विचारला, स्वयंपाक येतो का?

"अँड?"

"मी हो म्हटलं. येत नव्हता. पोहे मावशीने केले होते."

सोनाली बापाकडे वळली. "डॅड! शी लाइड टू यू!"

सुधाकर शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं. पोहे आणताना तिने मावशीला कुजबुजत विचारलं होतं, ह्यात काय काय घातलंय?"

वैजू उडालीच. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"जपानी माणसासारखा गप्प बसलो," सुधाकर म्हणाला. "अजून बसलोय!"

*

गप्प बसण्यावरून आठवलं. ह्या कादंबऱ्यांतला कोणीही माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असेल तर तो दातांतून हळूच हवा आत ओढतो, मान एका बाजूला झुकवतो आणि म्हणतो, "जरा अवघड आहे." हे आम्हाला एवढ्या पुस्तकांत भेटलं की पाठच झालं. सुधाकर तर आरशासमोर उभं राहून सराव करायचा. न जाणो, ऑफिसात उपयोग होईल!

उपयोग घरात आधी झाला. वैजूने विचारलं, "गराज आवरलं का?" सुधाकरने हवा ओढली, मान झुकवली. "जरा अवघड आहे."

त्याचं बघून अरविंदने सुरू केलं. मी म्हटलं, दारातला बर्फ काढायचाय. हवा ओढली! मी म्हटलं, जोशांकडे बारसं आहे. हवा ओढली! तळघरातून मिलिंदसुद्धा भाड्याच्या तारखेला मान झुकवून उभा राहायला लागला. नुसतं वाचून माणसं एवढी बिघडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

शेवटी मी आणि वैजूने फोनवर ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही घरांतले पुरुष कामावरून आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले आणि म्हणाले, "काय आहे जेवायला?"

आम्ही आपापल्या घरात दातांतून हळूच हवा आत ओढली.

शनिवारी सकाळी दोन्ही दारांतला बर्फ काढून झाला होता!

*

मिलिंद ह्या मंडळात एकटाच गंभीर होता, हे त्याच्या वतीने सांगते. एका रविवारी तो चक्क ग्राफ पेपर घेऊन आला. आडव्या रेषेवर शहर, उभ्या रेषेवर परंपरा. प्रत्येक कादंबरीतल्या बंडूसाठी एकेक ठिपका. ठिपके जोडून त्याने सुंदर वक्ररेषा काढली होती. शहर वाढतं तशी परंपरा उतरते, पण शेवटी थोडी वर जाते, कारण बंडूला म्हातारपणी गावाची आठवण येते!

अरविंदने विचारलं, "आपण कुठे येतो ह्याच्यात?"

मिलिंदने कागदावर बोट फिरवलं. ते कागदावरून घसरून टेबलावर गेलं, टेबलावरून चिवड्याच्या बशीपाशी. "काका, आपण साधारण इथे."

त्या दिवशी तो बंडूवर फार चिडला होता. ह्या खेपेचा बंडू टोकियोत एका मुलीबरोबर राहत असतो आणि गावाकडच्या माईंना सांगत नाही. मिलिंद म्हणाला, "हा भित्रेपणा आहे यार! एवढा शिकलेला माणूस, आणि आईला दोन शब्द सांगायची हिंमत नाही? ह्यालाच मी दुटप्पी शहरी मन म्हणतो."

आम्ही टाळ्या वाजवायच्याच बाकी होतो.

घरी परतताना तो माझ्या बाजूने चालायला लागला. जरा वेळाने म्हणाला, "काकू, उद्या आईचा नागपूरहून फोन येणार आहे. मी लॅबमध्ये असेन. तर तुम्ही फोन घ्याल तेव्हा ते..."

"काय ते?"

"लिंडाचं काही बोलू नका ना प्लीज!"

*

मार्चमध्ये आम्ही जी कादंबरी वाचली तिच्यावरून मात्र मंडळ फुटायची वेळ आली. माई बंडूच्या फ्लॅटमध्ये वर्षभर राहतात. बंडू चांगला, सुमन चांगली, कोणी कोणाला उलट बोलत नाही. शेवटच्या पानावर माई कोट घालून खिडकीपाशी उभ्या आहेत आणि खाली ट्रॅफिक चाललाय. पुस्तक संपलं! माई गावी गेल्या की नुसत्या फिरायला निघाल्या होत्या, काही कळायला मार्ग नाही.

मिलिंद म्हणाला, गेल्या. मी म्हटलं, गेल्या. वैजू चहाचे कप गोळा करायला लागली. अरविंद म्हणाला, कव्हरवर तसं काही दिलेलं नाही.

सुधाकर एकदम तावातावाने उठला. "राहिल्या! का जातील? मुलाने काय कमी केलंय त्यांना? वेगळी खोली दिली, हीटर दिला, डॉक्टर दिला. तिकडे कोण आहे त्यांचं? एवढं सगळं सोडून कोण जाईल?"

त्याचा आवाज चढला होता. तो पुस्तकाबद्दल बोलत नव्हता, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या माईंना कोणी विचारलं का रे पुस्तकात?"

"काय विचारलं?"

"राहता का जाता ते."

सुधाकरने पुस्तक उघडलं. मागची पानं उलटली, पुढची उलटली. "तसं काही लिहिलेलं दिसत नाही."

आई म्हणाल्या, "मग लेखकाला तरी बिचाऱ्याला कसं कळणार?"

*

एप्रिलमध्ये नवे साहेब आले. मिस्टर हिराता. साठीच्या आसपासचे, बारीक, गुडघा जरासा दुखरा. सुधाकरने त्यांना आणि मिसेस हिरातांना पाडव्याच्या पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. पुरणपोळी करायचं ठरलं. आता इतकी पुस्तकं वाचून झालेली, आम्हाला जपानी माणसाबद्दल सगळंच माहीत होतं!

कादंबऱ्यांत सगळे जमिनीवर बसतात. म्हणून सुधाकर, अरविंद आणि मिलिंदने सोफे उचलून गराजमध्ये नेले. हॉलभर गाद्या घातल्या, वर पांढऱ्या चादरी, मध्ये कॉफी टेबल. बूट दाराशी काढायची तर आमची सवयच. सोनालीला सांगून ठेवलं, फार बोलू नकोस, आणि कोणी भेट दिली तर त्यांच्यासमोर उघडायची नाही.

हिराता आले. बूट काढून आत आले आणि पांढऱ्या चादरींकडे बघत उभेच राहिले. गुडघ्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खुर्ची मिळेल का?"

मग गराजमधून घडीच्या खुर्च्या आल्या. पाहुणे दोघं खुर्च्यांवर आणि आम्ही सगळे खाली गादीवर. कीर्तनाला बसल्यासारखे दिसत होतो!

मिसेस हिरातांनी सुंदर कागदात बांधलेली भेट दिली. आम्ही ती न उघडता अदबीने बाजूला ठेवली. त्या सोनालीला म्हणाल्या, "उघड ना! आपण अमेरिकेत आहोत." आत आमच्याच मॉलमधली चॉकलेटं होती.

वैजूने मोठ्या उत्साहाने आमच्या सगळ्या कादंबऱ्यांची नावं घेतली आणि त्यांचं मत विचारलं. मिसेस हिराता गोंधळल्या. "मी नाही वाचलेल्या. माझ्या सासूबाई वाचायच्या. फार रडायला येतं म्हणे. मी टीव्हीवरच्या अमेरिकन मालिका बघते. तुम्ही बघता का? काल तिने त्याला सोडलं!"

पुढचा तासभर वैजू आणि मिसेस हिरातांचं जे गूळपीठ जमलं, त्यात टोकियोचं नाव निघालं नाही.

*

जेवणाची गंमत वेगळीच. यजमानांनी वाढलेलं पानात टाकायचं नाही, ही हिरातांची रीत. आणि पाहुण्याचं पान रिकामं दिसू द्यायचं नाही, ही आमची! मिस्टर हिरातांनी पुरणपोळी संपवली. वैजूने दुसरी वाढली. त्यांनी तीही संपवली. वैजू खूश. "बघा, किती आवडली त्यांना!" तिसरी, वर तुपाची धार. त्यांनी मान लववून तीही संपवली. मिलिंद म्हणाला, "काय स्टॅमिना आहे यार!"

चौथी पोळी घेऊन वैजू आली तेव्हा मिस्टर हिरातांनी दातांतून हळूच हवा आत ओढली. मान एका बाजूला झुकवली. म्हणाले, "जरा अवघड आहे."

महिनोन् महिने आम्ही ज्याचा सराव केला, ते आमच्यासमोर, खुर्चीवर बसून, खरंखुरं घडलं! आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ.

वैजू म्हणाली, "अगं बाई, तोंड भाजलं वाटतं! थंड दूध आणते." आणि पोळीबरोबर दुधाची वाटीही वाढली.

ती पोळीही त्यांनी संपवली. घाम पुसला. मिसेस हिराता तेवढ्या वेळात हसून हसून लाल झाल्या होत्या, पण नवऱ्याच्या मदतीला गेल्या नाहीत.

*

आता शेवटचा, त्याच दुपारचा.

जेवणं झाल्यावर मिस्टर हिरातांना बसवेना. ते मागच्या डेकवर जाऊन उभे राहिले. तिथे आई उन्हात बसल्या होत्या. सुधाकर साहेबांच्या मागोमाग गेला. मी आणि वैजू सुपारी घेऊन दारात होतो, त्यामुळे हे सगळं आमच्या डोळ्यांसमोरचं आहे.

हिरातांनी आईंना वाकून नमस्कार केला. आईंनी हात जोडले. मग ते सुधाकरला इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या आईंना विचारा, त्यांना इथे आवडतं का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि विचारला कोणी, तर कधीच काही थेट न विचारणाऱ्या जपानी माणसाने! सुधाकरने एकदा आमच्याकडे पाहिलं. पण साहेबांचं काम, नाही कसं म्हणणार? त्याने आईंना मराठीत सांगितलं, "विचारतायत, तुला इथे आवडतं का."

आई सुधाकरकडे बघत नव्हत्या. त्या हिरातांकडे बघून मराठीत बोलायला लागल्या, सावकाश, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा.

"त्यांना सांग, घर छान आहे. सून माझं सगळं करते, नात गोड आहे. पण सकाळी उठून खिडकीत उभी राहते, तर रस्त्यावर माणूस नाही. सांगलीला माझ्या दारात फुलवाली येते. तिच्याशी दोन शब्द भांडले की माझा दिवस सुरू होतो. हे होते तेव्हापासूनची सवय आहे. तिथे बहीण आहे, माझी चूल आहे, माझ्या पायाखालचा रस्ता आहे. मला घरी जायचंय. पण सुधाकरने एवढ्या हौसेने केलंय सगळं, त्याला वाईट वाटेल. म्हणून मी बोलत नाही. एवढं सांग त्यांना."

वैजूने माझा हात घट्ट धरला. मला वर बघवेना.

सुधाकरने रेलिंगला हात टेकले. मग घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "शी सेज... द विंटर वॉज अ लिटल कोल्ड."

मिस्टर हिरातांनी मान डोलावली. ते सुधाकरकडे बघतच नव्हते, आईंकडे बघत होते. आईंनी पदराने डोळे पुसले, तेही त्यांनी पाहिलं. मग त्यांनी अगदी आदराने सुधाकरला विचारलं, "आय सी. व्हेन इज हर फ्लाइट?"

सुधाकरला एकदम भरून आलं. तो पाठ फिरवून लॉनकडे बघायला लागला.

आईंनी त्याची बाही ओढली. "काय म्हणाले रे?"

"विचारतायत..." सुधाकर आईंकडे वळला. "विचारतायत, आईंचं विमान कधीचं आहे?"

आईंनी हिरातांना पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, ह्यांना मराठी येतं!"